फौज काढायची घाई नको

दूर कुठल्या तरी देशात यादवी पेटलेली असते, तिसऱ्याच देशाची फौज तिथे तळ ठोकून असते, आणि ती माघारी बोलवावी की नाही याचा निकाल साताऱ्यात पोवई नाक्यावर, चहाच्या टपरीवर लावायचा असतो. लावा की! फक्त जरा रीतीनं लावा, म्हणजे समोरचा गप्प बसेल आणि चहाचे पैसेही तोच देईल.

‘ठेवा फौज’ असं थेट म्हणू नका, उर्मट दिसतं. ‘काढायचीच आहे हो, पण आत्ता नको,’ असं म्हणा. हे वाक्य कधी शिळं होत नाही. तिकडे गोळीबार चालू असेल तर फौज काढल्यावर रक्ताचे पाट वाहतील म्हणून आत्ता नको. गोळीबार थांबला असेल तर तो फौजेच्या धाकानंच थांबलाय म्हणून आत्ता नको. अमेरिकेनं अफगाणिस्तानात वीस वर्षं यावर काढली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, तेव्हा शेवटचा अमेरिकी सैनिक अजून निघायचाच होता. कोणी हे काढलंच तर डगमगू नका, ‘बघा, घाई केली!’ म्हणा. रशियाचा विषय मात्र निघू देऊ नका. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथून निघाल्या, तेव्हा त्यांच्या टेकूवरचं नजीबुल्लांचं अफगाण सरकार काही महिन्यांत कोसळेल असं भलेभले सांगत होते. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं आणि मॉस्कोचा पैसा आटल्यावर पडलं. मग टेकू बंदुकीचा होता की पैशाचा, असला नसता प्रश्न उभा राहतो.

ज्याच्या घरात फौज बसलीय तो काय म्हणतोय, हेही मनावर घेऊ नका. आपण तरी कुठे घेतलं? २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या, आणि तिथली यादवी थांबवायला आपली शांतिसेना गेली. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. इतका स्पष्ट अभिप्राय क्वचितच कुणा पाहुण्याला मिळाला असेल. तरी आपण तिथेच थांबलो. ‘लिट्टे’ या तमिळ बंडखोर संघटनेची शस्त्रं गोळा करायला गेलेली शांतिसेना ऑक्टोबरमध्ये जाफन्यात ‘लिट्टे’शीच लढू लागली. पुढे प्रेमदासा अध्यक्ष झाले. त्यांनी जुलै १९८९ अखेर चालते व्हा म्हणून सांगितलं, वर आपल्याविरुद्ध लढायला ‘लिट्टे’ला हत्यारं पुरवली. बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या मध्ये पडलेल्या पाव्हण्याला दोघांनी मिळून बदडावं, तसलं झालं. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली, तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

फौज निघाल्यावर तिथलं युद्ध थांबलं का? नाही, मे २००९ पर्यंत चाललं. हे ठासून सांगा. फौज होती तेव्हा तरी थांबलं होतं का, असं कोणी विचारायच्या आत भजी मागवा.

आणखी एक पथ्य. या चर्चेला अपशिंग्याच्या माणसाला बोलावू नका. साताऱ्याजवळचंच गाव, नावाला ‘मिलिटरी’ जोडलेलं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण गेले. तेव्हा मराठा पलटणी इंग्रजांसाठी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढत होत्या. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या फौजेतही त्या होत्या. म्हणजे परक्या देशात बसलेली फौज ती आपलीच माणसं, हुकूम तेवढा दुसऱ्याचा. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर इंग्रजांच्या जनरल मॉडनं जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नव्हे, तुम्हाला मुक्त करायला आलोय. मुक्त झालेल्यांनी १९२० मध्ये बंड केलं. इंग्रजांची विमानं तरी १९५० च्या दशकापर्यंत तिथल्या तळांवर होतीच. ‘आत्ता नको’ त्यांनाही पाठ होतं.

तर अशा गावचा माणूस टपरीवर आला की फार खालच्या पातळीवरचं विचारतो. रसद कुठून येते, रजा मिळते का, समोरचा कुठल्या गटाचा हे गोळी झाडण्याआधी कळतं का, आणि कुठवर थांबायचंय हे निघताना कोणी सांगितलं होतं का. अशानं जागतिक राजकारण बाजूलाच राहतं.

एवढं करूनही फौज परत आलीच, तर स्वागताची काळजी नको. श्रीलंकेतून परतलेले जवान मद्रास बंदरात उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी तिकडे फिरकले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडून आलेल्यांचं स्वागत कसलं, असा त्यांचा हिशेब. स्मारकाचाही खर्च धरू नका. शांतिसेनेच्या जवानांची नावं कोरलेलं स्मारक कोलंबोजवळ उभं आहे, आणि तेही श्रीलंकेनंच बांधलंय. तेवढे पैसे वाचले, ते पुढच्या मोहिमेला धरा.