दुखत नाही ना, मग कायले जायचं?

आपल्या नागपुरात दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ ठरलेली आहे. लवंग दाबून झाली, लवंगेचं तेल लावून झालं, औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या गोळ्या संपल्या, गाल सुजला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, की मग जायचं. त्याआधी कोणी सुचवलं तर एकच उत्तर: दुखत नाही ना, मग कायले जायचं?

माझं स्पष्ट मत आहे, तोंडाच्या बाबतीत दुखण्यावर भरवसा ठेवूच नये. दाताच्या वरच्या कवचाला, इनॅमलला, नसच नसते. कीड तिथवर असते तेव्हा काहीही कळत नाही. आतल्या थरात शिरली की थंड-गोड झिणझिणायला लागतं, आणि नसेला भिडली की ठणका. म्हणजे ठणका लागेपर्यंत साध्या फिलिंगचं काम बहुतेक रूट कॅनालवर गेलेलं असतं. मग बिल पाहून आपण म्हणतो, डेंटिस्ट लुटतात. काही लुटत असतीलही, पण उशीर त्यांनी नाही ना केला.

हिरड्या तर त्याहून मुक्या. माझ्या सासूबाईंना ब्रश करताना रक्त यायचं. बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला की त्या बाजूला ब्रश लावणंच त्यांनी सोडून दिलं, बोटाने मंजन फिरवायच्या. मी म्हटलं, आई, तिथेच नीट घासायला पाहिजे. तर म्हणे, "रक्त येते ना वं, आणखी घासू?" हे बहुतेक घरांत असंच चालतं. खरं उलट आहे. हिरडीच्या काठाशी जंतूंचा चिकट थर साचतो, त्याने हिरडी सुजते, सुजलेली हिरडी रक्त सोडते. ब्रश थांबवला की थर वाढतो आणि रक्तही वाढतं. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे तिरका धरा, जोर न लावता छोटे छोटे हात फिरवा, दोन मिनिटं. साधी सूज असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. नाही झालं तर थर कडक होऊन किटण झालेलं असू शकतं, आणि ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरच काढतात.

इथे हमखास कोणी तरी म्हणणार, क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात. हलतात ते क्लिनिंगमुळे नाही. खालचं हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाने दात धरून ठेवल्यासारखे वाटत होते इतकंच. सासूबाईंना शुगरही आहे. वाढलेल्या शुगरने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. शुगरचा रिपोर्ट घरात सगळे वाचतात, हिरड्यांबद्दल कोणी विचारत नाही.

सकाळी सगळेच घासतात. रात्री मात्र "झोप आली". झोपेत लाळ कमी सुटते, दातांना धुणारं कोणी उरत नाही, म्हणून मला विचाराल तर रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा. फ्लोराइडची पेस्ट घ्या, घासल्यावर नुसतं थुंका, खळखळून चुळा भरू नका. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी. संत्री खाल्ल्यावर अर्धा तास थांबून घासा. राखुंडी, कोळसा बंद. आणि गुडाखू, मिश्री अजून वापरत असाल तर दंतमंजनात तंबाखू घालायला देशात 1992 पासूनच बंदी आहे.

आता खर्रा. राजेहो, रागावू नका. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, पण पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घासून देणारा ठेला चौकाचौकात आहे. "मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांसाठी सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. त्याआधी तोंड आखडतं. सुरुवात कशी होते माहीत आहे? सावजीचा रस्सा ज्याला कधी तिखट लागला नाही, त्याला साधी तर्री झोंबायला लागते. मग गालाचं आतलं कातडं पांढुरकं आणि ताठर होतं. मग गुपचुप (पाणीपुरी) तोंडात अख्खा जात नाही, तो फोडून खायला लागतो. दुखत काहीच नाही, हो! म्हणून तर गडी वर्षानुवर्षं जात नाही. एकदा आखडलेलं तोंड पूर्ववत होणं फार कठीण. जेवणानंतर लेकरांच्या हातावर गोड सुपारी ठेवणाऱ्या मावश्या-काकवांनी हेही ध्यानात घ्यावं.

खर्रा खाणाऱ्यांनी आज आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहावीत. दोनच जात असतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांहून जुना फोड दिसत असेल, तर मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा. खासगीच्या मानाने खर्च फार कमी आहे. रांग असते, सकाळी लवकर जा.