विद्राव्यतेचा आकडा जुळला, तरी पॉलिमर का विरघळत नाही?

“विद्रावक आणि पॉलिमर यांची विद्राव्यता प्राचले जुळली की पॉलिमर विरघळणारच, म्हणून कोष्टक पाहावे आणि विद्रावक निवडावा”, हा दावा सर्रास पुढे पाठवला जातो. (पॉलिमर म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ, विद्रावक म्हणजे विरघळवणारा द्रव.) रेणू एकमेकांना किती घट्ट धरून ठेवतात हे दाखवणाऱ्या संसंजन ऊर्जा घनतेचे वर्गमूळ म्हणजे हे विद्राव्यता प्राचल, म्हणजेच रसायनशास्त्रज्ञ हिल्डब्रँड यांनी दिलेला विद्राव्यतेचा आकडा. ते उपयुक्त आहे, यात वाद नाही. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

एकच आकडा पुरतो, हे पहिले गृहीतक. ब्यूटेनॉल आणि नायट्रोइथेन या दोहोंचे प्राचल मेगापास्कलच्या वर्गमुळात सुमारे 23 आहे. दोन्हींपैकी एकातही नेहमीचे इपॉक्सी पॉलिमर विरघळत नाही, पण त्यांच्या समभाग मिश्रणात ते चांगले विरघळते. मिश्रणाचा आकडाही 23च्या आसपासच राहतो. मग बदलले काय? ब्यूटेनॉलमध्ये हायड्रोजन बंधाचा वाटा मोठा असतो, नायट्रोइथेनमध्ये ध्रुवीय बलाचा (रेणूंच्या धन आणि ऋण टोकांमधील आकर्षणाचा), आणि बेरीज केली की हा फरक बुजून जातो. म्हणूनच संशोधक चार्ल्स हॅन्सन यांनी 1967 मध्ये त्या आकड्याचे डिस्पर्शन (सर्वच रेणूंमध्ये असणारे क्षणिक, क्षीण आकर्षण), ध्रुवीयता आणि हायड्रोजन बंध असे तीन घटक केले आणि या तीन अक्षांच्या अवकाशात प्रत्येक पॉलिमरभोवती एक गोल कल्पिला; या गोलाच्या आत येणारे द्रव त्या पॉलिमरला विरघळवतात. गोलाच्या विरुद्ध बाजूंना, बाहेर असलेल्या दोन द्रवांचे मिश्रण गोलाच्या आत येऊ शकते. विषारी विद्रावकाला पर्याय शोधताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आकडे जुळले की विरघळणारच, हेही खरे नाही. पॉलिइथिलीनचे प्राचल सुमारे 17 आणि झायलीनचे सुमारे 18 असूनही सामान्य तापमानाला ते विरघळत नाही, कारण त्यातील स्फटिकमय भाग मोडायला झायलीन बरेच तापवावे लागते. व्हल्कनाइज केलेले रबर तर टोल्युइनमध्ये फक्त फुगते, कारण त्याच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. मात्र कोणत्या विद्रावकात ते सर्वाधिक फुगते, यावरूनच त्याचे प्राचल ठरवता येते.

शिवाय विद्रावकांच्या मिश्रणात विरघळवलेल्या पॉलिमरचा लेप वाळताना त्या मिश्रणातील घटकांचे प्रमाण सतत बदलते. पॉलिमरला धरून ठेवणारा घटक आधी उडून गेला, तर उरलेला द्रव गोलाबाहेर जातो, पॉलिमर साक्यासारखा वेगळा पडतो आणि थर धुरकट होतो. म्हणून सर्वांत सावकाश उडणारा घटक पॉलिमरला विरघळवणाराच निवडावा लागतो.