कुलूप लावलेली घरे आणि कुळाची भीती

जळगाव, धुळे, भुसावळ येथे घर घेऊन ठेवलेले आणि नोकरीनिमित्त बाहेर राहणारे आमच्यासारखे लोक सुट्टीत गावी एकत्र आले की बोलणे हमखास एका प्रश्नावर येते: घर भाड्याने द्यावे की कुलूप लावून ठेवावे? बहुतेकांचा कौल कुलपाच्या बाजूने असतो, कारण 'एकदा भाडेकरू बसला की घर गेले' ही समजूत खानदेशात खोलवर रुजलेली आहे. मी जर्मनीत श्टुटगार्टला भाड्याच्या घरात राहतो आणि गावाकडे माझ्या नावावर घर आहे. दोन्ही बाजू रोज पाहताना माझे ठाम मत झाले आहे की आपले नुकसान भाडेकरूपेक्षा आपले तोंडी व्यवहारच अधिक करतात.

ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाला कसणाऱ्या कुळांकडे जमिनींची मालकी गेली आणि ती आठवण अनेक घरांत आजही जिवंत आहे. भूमिहीन कुळांना त्यातून न्याय मिळाला, हेही तितकेच खरे. शहरांत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुन्या वाड्यांची भाडी गोठली आणि मालकांना डागडुजीही परवडेना. पण आज लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या घराला ती जुनी भीती लावणे योग्य नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने ताबा दिला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मात्र त्यासाठी करार लेखी हवा, आणि कलम 55 नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण माझ्या मते याहून गंभीर बाब अशी की नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा कागद नोटरीकडून करून घेतला की काम झाले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. महाराष्ट्रात ते पुरेसे नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे, म्हणून खर्चाची सबब टिकत नाही.

जर्मनीचा कायदा जसाच्या तसा आणावा असे मला वाटत नाही. तिथे मालकाला घर रिकामे करून घेण्यासाठी स्वतःच्या राहण्याची गरज यांसारखे कायद्याला मान्य असलेले कारण द्यावे लागते, आणि भाडेकरू पाच वर्षे राहिला असेल तर सहा महिन्यांची, आठ वर्षे राहिला असेल तर नऊ महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. आपल्याकडच्या मालकाला हे ऐकूनच धास्ती वाटेल. घ्यायच्या आहेत त्या तिथल्या सवयी. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून (पाणी, देखभाल वगैरे खर्च वगळून) जास्त घेता येत नाही, ते मालकाच्या पैशांत न मिसळता वेगळे ठेवावे लागते आणि त्यावरचे व्याज भाडेकरूचे असते. ताबा देताना प्रत्येक खोलीची स्थिती, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघे सही करतात. घर सोडताना भिंतीवरच्या डागावरून वाद झाला तर तोच कागद काढला जातो. पाणी, कचरा, इमारतीची देखभाल यांचा हिशेब वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत दिला नाही, तर मालकाला सहसा वाढीव रक्कम मागता येत नाही. जळगावात विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला किंवा भुसावळला बदलून आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला खोली देताना यातले काहीही करायला कोणी अडवलेले नाही.

परदेशस्थ मालकांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. आपल्या वतीने करार करणाऱ्या भावाला दिलेले मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. अनिवासी मालकाचे भाडे कितीही थोडे असले तरी भाडेकरूने त्यातून तीस टक्के आणि उपकर इतका कर कापून भरायचा असतो. हे त्याला आधीच सांगून करारात लिहावे, म्हणजे पुढे कटुता येत नाही. विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा कर परत मिळतो.

गुंतवणुकीचा सल्ला देणारे नातेवाईक बहुधा शहराबाहेरचे शेत सुचवतात: आज घ्या, उद्या बिनशेती होईल, प्लॉट पाडू. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, पण सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. पैसा आपला आणि सातबाऱ्यावर नाव चुलतभावाचे, हा मार्ग बेनामी व्यवहारात मोडतो आणि अशी जमीन सरकारजमा होऊ शकते. प्लॉटच घ्यायचा असेल तर बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि फेरफार नोंदी स्वतः वाचाव्यात, आणि त्याआधी विसाराचा एक रुपयाही देऊ नये, समोरचा माणूस कितीही जवळचा असला तरी.