खुलासा: गटात शिकणं म्हणजे आयते गुण नव्हेत

बडोद्यातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘कॉलेजात गट पाडून शिकवतात, हुशार मुलं राबतात, बाकीची आयते गुण लाटतात, प्राध्यापक मोकळे.’ हे चूक आहे. नुसतं चौघांना एका बाकावर बसवलं तर तसं होतं, मान्य. पण सहकारी अध्ययनात, म्हणजे गटात एकमेकांच्या मदतीने शिकायच्या पद्धतीत, प्रत्येकाला स्वतःचा जाब द्यावा लागतो. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत सुरू केलेली ‘जिगसॉ’ पद्धत घ्या, आता ती कॉलेजांतही वापरतात. धड्याचा एक भाग एकाकडे. तो नीट समजून घेऊन त्यानेच गटाला शिकवायचा. चाचणी मात्र ज्याची त्याने द्यायची, तीही अख्ख्या धड्यावर! प्राध्यापकांचं काम तर वाढतंच: भाग पाडायचे, गटागटांतून फिरायचं, गप्प बसलेल्या मुलीला बोलतं करायचं.