घटनास्थळाची छायाचित्रे

कादंबरी वाचून झाली की शहाणा माणूस ती कपाटात ठेवतो आणि झोपतो. मला मात्र तिच्यातले पत्ते शोधत हिंडायचे व्यसन लागले आहे. ज्या गुप्तहेर-कादंबरीमालेपायी हे लागले, तिचे नाव मी सांगणार नाही. ज्यांनी ती वाचली आहे ते ओळखतीलच, आणि ज्यांनी वाचलेली नाही त्यांना नाव सांगून माझ्याकडे पुस्तके उसनी मागणाऱ्यांची संख्या मला वाढवायची नाही. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा, शहर मुंबई, आणि लेखक पत्त्यांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर. नायक ट्राममधून कुठे उतरला, सिगारेट कोणत्या कोपऱ्यावर पेटवली, जिना चढताना कितवी पायरी करकरली, हे सारे तो लिहून ठेवतो. खुन्याचे नाव शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवणारा हा गृहस्थ जागेचा ठावठिकाणा पहिल्याच परिच्छेदात देऊन मोकळा होतो. तेव्हा त्या जागा स्वतः पाहाव्यात, त्यांचे फोटो काढावेत आणि ते त्या त्या पानात घालून ठेवावेत, असे कोणाही सज्जन वाचकाला वाटेल अशी माझी समजूत होती. घरात ती कोणालाही पटलेली नाही. फक्त भाची बरोबर यायला तयार झाली, तीही तिला नव्या कॅमेऱ्यावर हात बसवायचा होता म्हणून.

पत्ते शोधणे ही यातली खरी अडचण नाही. कादंबरीतला हॉर्नबी रोड आता दादाभाई नौरोजी मार्ग आहे, एस्प्लनेड रोड महात्मा गांधी मार्ग आहे, हे कोणीही सांगेल. शिवाय टॅक्सीवाल्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर न्यायला सांगितले तर तो तुमच्याकडे पाहत राहतो आणि लॅमिंग्टन रोड म्हटले की मुकाट्याने मीटर टाकतो, त्यामुळे रस्त्यावरच्या पाट्यांपेक्षा ऐंशी वर्षांपूर्वीची कादंबरीच अधिक उपयोगी पडते. अडचण सुरू होते ती कॅमेरा डोळ्याला लावल्यानंतर. या शहरात माणूस जुन्या भिंतीचा फोटो उगाच, केवळ हौसेखातर काढील, यावर कोणाचाही विश्वास नाही.

काळ्या घोड्याचेच पाहा. आमचा नायक आपल्या खबऱ्याला तिथल्या पुतळ्याखाली भेटतो, तेव्हा घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला आहे. त्या स्वारीला १९६५ साली तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेले. चौकाला मात्र लोक घोड्याच्याच नावाने ओळखत राहिले, आणि पुढे २०१७ साली तिथे नवा घोडा उभा राहिला तो स्वाराविनाच. म्हणजे एका प्रसंगासाठी जागा फोर्टातली आणि राजा भायखळ्याचा, अशी दोन ठिकाणी पायपीट आली. भाचीने राजाला कॉम्प्युटरवर जागच्या जागी बसवून देण्याची तयारी दाखवली. पण गुप्तहेराच्या वाचकाने पुराव्यात फेरफार करणे मला प्रशस्त वाटेना. राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला लोटलेल्या गर्दीत राजाकडे कॅमेरा रोखणारा मी एकटाच होतो. एका लहान मुलाने वडिलांना विचारले, की ते आजोबा कशाचा फोटो काढतायत. तेव्हा वडिलांनी "तिकडे नको बघूस" असे म्हणून त्याला पेंग्विनच्या रांगेकडे ओढत नेले. मला आजोबा म्हटल्याचे भाचीने घरी जाऊन सर्वांना सांगितले, पेंग्विनचे फोटो दाखवता दाखवता.

काळ्या घोड्यासमोरच्या एस्प्लनेड मॅन्शनची गत याहून वाईट. मूळचे हे वॉटसन हॉटेल, ज्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून इथे आणून जोडला होता आणि जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने पहिल्यांदा पाहिली. कोर्ट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पुढे तिथे वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या, आणि आमच्या कादंबरीतला लबाड सॉलिसिटरही त्यांतलाच एक. ही इमारत धोकादायक ठरून २०१९ साली रिकामी झाली. मी फोटो काढत असताना बाजूने जाणाऱ्या एका वकिलाने थांबून, केस कोणाकडे आहे, अशी आस्थेने चौकशी केली.

बॅलार्ड इस्टेटमध्ये आम्ही मुद्दाम रविवारी सकाळी गेलो, कारण इतर दिवशी तिथे इमारती दिसत नाहीत, गाड्या दिसतात. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीची समुद्रात भर घालून ही जमीन केली, आणि १९१४ ते १९१८ या काळात वास्तुकार जॉर्ज विटेटच्या आखणीनुसार तिच्यावर कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्या इतक्या एका वळणाच्या की कादंबरीत पाठलाग करणारा फौजदार नेमका इथेच चकतो. मीही चकलो, यात नवल नाही. परंतु कोणत्या दारातून हेर निसटला असावा याचा विचार करत मी एका कमानीसमोर उभा राहिलो, तेवढ्यात आतून वॉचमन आला. "फोटो मना है." का, असे विचारता तो म्हणाला, "ऑर्डर है." कोणाची, असे विचारल्यावर त्याने बोट वर केले. वर एक बंद मजला होता आणि त्याच्यावर आकाश. त्याच वेळी पलीकडच्या फुटपाथवर, त्याच इमारतीच्या भिंतीला टेकून, एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो धूमधडाक्यात चालू होते. भाड्याने आणलेली जुनी मोटार, धुराचे नळकांडे, सगळा सरंजाम होता. मोटार अगदी आमच्या कादंबरीतल्यासारखी होती, म्हणून मी तिच्याकडे वळलो, तर त्यांच्या छायाचित्रकाराने मला "काका, फ्रेममधून जरा बाजूला" म्हणून हाकलले. ज्याच्या मागे चंदेरी रिफ्लेक्टर धरणारा एक पोऱ्या उभा असतो त्याला मुंबईत कोणी अडवत नाही, हे ज्ञान मात्र त्या दिवशी पदरात पडले.

ग्रँट रोडजवळची ती खिडकी, जिच्यात टोळीवाले निशाणी म्हणून हिरवा कंदील ठेवत, सापडली. परंतु तिच्यावर कोणा होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणलेला होता आणि त्यातले शुभेच्छुक इतके होते की टोळी जागीच हजर आहे असे समजून मी फोटो काढला. खलनायक गिरगावातून भुयारात शिरून काळबादेवीला बाहेर पडतो, त्या प्रकरणाला माझे वडील कायम हसत असत. मुंबईच्या पोटात कसले आले भुयार, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोने दहा रुपयांत कोणीही सज्जन माणूस तसाच पळून जाऊ शकतो.

राहिली ती गिरगावातली चाळ. इथे मात्र लेखकाने नाव न देता केवळ खुणा दिल्या आहेत: वाडीच्या तोंडाशी मारुती, अंगणात विहीर, लाकडी जिना, आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेली खोली, जिच्यात एका सावकाराचा खून होतो. या सर्व खुणा जुळणारी एक चाळ मला सापडली तेव्हा झालेला आनंद मी कॅमेऱ्यामागे लपवत होतो, तोच वरच्या गॅलरीतून आवाज आला.

"कोण पाहिजे?"

कोणी नको, नुसते फोटो काढतो आहे, या उत्तराने गॅलरीत आणखी डोकी जमली.

"म्हाडाचे का?"

"नाही."

"मग बिल्डरचे."

चाळीच्या पुनर्विकासासाठी एकतर सरकारी म्हाडाचा माणूस येणार नाहीतर बिल्डरचा, तिसरी शक्यता या वाडीत कोणी विचारात घेतलेली नव्हती. कादंबरीसाठी फोटो काढतो आहे असे मी सांगून पाहिले, तेव्हा एका काकूंनी विचारले, "कादंबरी म्हणजे तो कांदिवलीचा टॉवर का?" आणि पुढच्या पाच मिनिटांत मला वर बोलावून, पलंगावर बसवून, हातात पोह्यांची बशी देऊन छताचा ओला कोपरा दाखवण्यात आला. वर जाताना मी कादंबरीतली करकरणारी सातवी पायरी मोजून पाहिली होती. पण तिथे सगळ्याच पायऱ्या करकरत होत्या. कठड्याचा लाकडी माथा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता, आणि जिन्याखालच्या तुळईला लावलेल्या लोखंडी टेकूवर कोणीतरी व्यवस्थित दुधाच्या पिशव्या टांगल्या होत्या. याचा फोटो घ्यावा म्हणून मी वाकलो, तर काकू म्हणाल्या, "तो टेकू नीट घ्या हं, तोच मेन मुद्दा आहे."

तोवर चाळकमिटीचे सेक्रेटरी फाईल घेऊन आले. इमारत १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त 'अ' वर्गातली. तेहतीस-सातमध्ये, म्हणजे अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात, किमान तीनशे चौरस फूट कार्पेट मिळायलाच हवे. संक्रमण शिबिरात कोणी जाणार नाही, भाडे आगाऊ द्यावे लागेल. आणि कॉर्पस फंडाचे, म्हणजे बिल्डरने द्यायच्या एकरकमी पैशांचे, काय ते आधी बोला. एवढे एका दमात सांगून त्यांनी माझ्या भाचीला खोलीची लांबी-रुंदी लिहून घ्यायला सांगितले. तिने ती लिहून घेतली. या मुलीचे मला कधीकधी आश्चर्य वाटते.

शेवटी मी पिशवीतून पुस्तकच काढले आणि खुणा केलेली पाने त्यांच्यासमोर धरली. सेक्रेटरींनी चष्मा चढवून मारुती, विहीर, जिना असे एकेक ताडून पाहिले आणि जमलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवले. बिल्डर नाही हे कळल्यावर मंडळी क्षणभर हिरमुसली, पण आपली चाळ पुस्तकात आहे हे कळल्यावर पोह्यांची दुसरी बशी आली. मग ते खुनाच्या पानावर आले, थबकले, आणि त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा वाचले.

"दुसरा मजला, जिन्याला लागून," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे आमचीच खोली."

मी म्हटले, की गोष्ट काल्पनिक आहे आणि घटनेलाही ऐंशी वर्षे होऊन गेली.

"ते खरं हो, पण उद्या अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी कोणी हे पुस्तक पुढे केलं तर?" त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिले आणि आवाज खाली आणला. "लेखकाशी ओळख असेल तर एवढं सांगा, साहेब. खून दाखवायचाच असेल तर समोरच्या विंगेत दाखवा. त्यांनी अजून संमतीपत्रावर सह्या केलेल्या नाहीत."