२० चा नियम आणि रिमोटवरचा आकडा

एसी म्हणे २० ते २८ अंशांच्या मध्येच चालवायचा! जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तशी घोषणा केली तेव्हापासून ज्याला त्याला वाटतंय की वीज वाचलीच. अरे, पण २० कशाचे? रिमोटवरचा आकडा म्हणजे खोलीचं तापमान नव्हे. भिंतीवरच्या युनिटमध्ये फिल्टरच्या मागे सेन्सर बसवलेला असतो आणि तो छताजवळची हवा मोजतो.

मे महिन्यात, भर दुपारी, वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली एक टनाचा एसी १६ वर लावा. खोली २७ च्या खाली उतरत नाही आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा, सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग) एकदाही कट ऑफ, म्हणजे आपोआप बंद, होत नाही. तिथे १६ लावा नाहीतर २० लावा, मीटर तेवढाच पळतो. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे बीईई (केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था) सांगते ते खरं आहे. पण खोली त्या तापमानाला पोचत असेल तरच ना!

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाल्या एसीत २४ डीफॉल्ट आहे. लोक ते लगेच खाली आणतात. का, हे कोणी विचारलंय? दहा बाय दहाच्या खोलीत दीड टनाचा साधा, बिनइन्व्हर्टरचा एसी कोंबलेला असतो. पाच-सात मिनिटांत हवा गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, पण आतला पंखा चालूच राहतो. आतल्या गार नळ्यांच्या कॉइलवर जमलेलं पाणी नीट निथळायच्या आत तो ते पुन्हा हवेत उडवतो. खोली गार, अंग मात्र चिकट. मग माणूस वैतागून १८ करतो. चूक टनेजची, म्हणजे खोलीच्या मानाने मोठ्या एसीची, दंडुका रिमोटवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

शिवाय ही मर्यादा पाळतंय कोण? एसीचा सेन्सर गरम झाला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो; म्हणून दहा किलोओहमच्या सेन्सरला शंभर किलोओहमचा एक फुटकळ रेझिस्टर (रोध देणारा छोटा भाग) समांतर जोडून तो रोध कमी केला की एसीला खोली दोनेक अंश जास्त गरम वाटते. म्हणजे रिमोटवर २० आणि खोलीत १८. झाला नियम.

वीज खरी जाते कुठे? आउटडोअर युनिट बाल्कनीच्या कोपऱ्यात, समोर जाळी ठोकून. बाहेर फेकलेली गरम हवा फिरून तेच पुन्हा ओढतं, गॅसचं प्रेशर चढतं, करंट वाढतो. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवायचा, तर वर्षभर त्यावर गोधडीएवढी धूळ. आणि मेकॅनिक! आला की एकच वाक्य, "गॅस संपलाय." गॅस काय पेट्रोल आहे संपायला? कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, बहुतेक वेळा फ्लेअर नटापाशी (तांब्याच्या नळ्या युनिटला जोडणारा नट). साबणाचा फेस लावून गळती शोधायची, नट कसायचा, पंपाने नळ्यांतली हवा काढून व्हॅक्यूम करायचा, मग युनिटवरच्या प्लेटवर छापलंय तेवढंच वजन करून भरायचं. इथे वजनकाटा आणतो कोण? अंदाजे भरतात, पैसे घेतात, दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

युनिट पूर्ण गार करत असताना आत शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा ८ ते १२ अंश गार हवी. साध्या थर्मामीटरने दोन मिनिटांत कळतं. ते तपासायची सक्ती करा की! पण नाही, यांना रिमोटचं बटण दिसतं.