जनरेटरच्या चार्जिंगबद्दल आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऐन द्राक्षाच्या हंगामात कोल्ड स्टोरेजवरचा जनरेटर सेल्फ घेईना, माल आत आणि लाईट गेलेली, अशा वेळी जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही जे लिहिले आहे ते आमची नेहमीची गिऱ्हाइकेही वाचतात, आणि कालपासून विचारतातही. म्हणून उत्तर देणे भाग आहे. तुम्ही लिहिले, "दोन तास नुसते मीटर लावून बसले आणि त्याचेच १,२०० रुपये लावले." पुढे, "चालू इंजिनात टर्मिनल काढून बघायची साधी टेस्टसुद्धा यांना येत नाही." आणि शेवटी, "एक वायर बदलून ३,२०० घेतले, चौथ्या दिवशी बॅटरी परत डाऊन." यातले मधले वाक्य फार लागले, तेव्हा आधी त्याबद्दलच सांगतो.

बॅटरीचे टर्मिनल काढायला एक पान्हा लागतो. ते कोणालाही येते. आम्ही नाही म्हणालो, कारण त्यातून तुमच्या इंजिनावर काहीच कळले नसते. पेट्रोल गाडीत प्लगला करंट लागतो, म्हणून बॅटरी काढल्यावर इंजिन चालू राहिले तर डायनामो काहीतरी देतो आहे एवढे तरी समजायचे. ही सवय तिथून आली. तुमचे डिझेल इंजिन जुने, मेकॅनिकल पंपाचे, बंद करायलाही हाताने ओढायची दांडी. एकदा सुरू झाले की त्याला बॅटरीही लागत नाही आणि अल्टरनेटरही (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग). दोन्ही काढून ठेवले तरी डिझेल संपेपर्यंत चालेल. मग "चालू राहिले म्हणजे चार्जिंग ठीक" हे कसे म्हणायचे?

शिवाय त्यात नुकसान आहे. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम सुटली की तो करंट जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतो. २४ व्होल्टच्या सिस्टिममध्ये तो क्षणभर शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. तेवढ्यात अल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करणारे) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) जातात. त्यातून चार्जिंगवर असलेल्या बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो, तिथे टर्मिनल काढताना ठिणगी पडली तर बॅटरी फुटून अॅसिड तोंडावर उडते. तुमचा ऑपरेटर शेजारीच उभा होता. आम्ही त्यालाही हेच सांगितले होते.

आता ते दोन तास. चार्जिंगची तक्रार आली की आधी इंजिन बंद ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची असते; तुमच्याकडे १२ व्होल्टच्या दोन एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडून २४ केलेले आहेत. दोन्हींची बेरीज बघून फसायला होते. तुमची बेरीज २४.१ व्होल्ट होती, ऐकायला बरी वाटते. पण एक बॅटरी १२.४ होती आणि अर्थकडची दुसरी, जिला पुढे खालची म्हटले आहे, ११.७. मग हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या अॅसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी. पूर्ण भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२५० ते १.२६० येते. तुमच्या खालच्या बॅटरीचे सहाही सेल १.११० च्या आसपास होते. एखादाच सेल मागे असता तर बॅटरी मेली म्हटले असते. सहाही सारखेच खाली म्हणजे बॅटरी चांगली आहे, पण तिच्या एकटीतून कोणीतरी करंट घेतो आहे. हे बारा सेल नीट बघायला, पाण्याची पातळी पाहायला वेळ जातो.

त्यानंतर बेल्ट. अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे आणि पुलीच्या खाचेत तळाला टेकता कामा नये. तो ठीक होता, म्हणून बदलला नाही आणि बिलातही लावला नाही.

मग इंजिन चालू करून खरे काम. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लसवर (करंट बाहेर देणारे टर्मिनल), दुसरी त्याच्याच बॉडीवर: २८.६ व्होल्ट. मीटर बॅटरीवर: २६.१. क्लॅम्प मीटरवर चार्जिंगचा करंट १८ अँपिअर. म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित देत होता आणि अडीच व्होल्ट वाटेत हरवत होते. दुसऱ्या मिस्त्रीने तुम्हाला "सरळ नवीन अल्टरनेटर टाका" असे सांगितल्याचे तुम्हीच म्हणालात. तो टाकला असता तरी बॅटरीवर हेच २६.१ आले असते, कारण रेग्युलेटर अल्टरनेटरच्या जागेवरचा व्होल्टेज बघतो, बॅटरीवरचा नाही. त्याला २८.६ दिसले की तो "झाले पुरे" समजून अल्टरनेटरचे उत्पादन कमी करतो. बॅटरी मात्र अर्धपोटी राहते.

हरवलेला व्होल्टेज शोधायला मीटर प्लस आणि मायनसमध्ये लावायचा नसतो, एकाच वायरच्या दोन टोकांना लावायचा असतो, चार्जिंग चालू असताना. प्लस बाजूला ०.७ गेले, पॅनेलमधल्या जुन्या अँमीटरच्या सैल नटावर आणि काळ्या पडलेल्या थिम्बलवर (वायरच्या टोकाची धातूची टोपी). आणि अल्टरनेटरची बॉडी ते इंजिन ब्लॉक यामध्ये तब्बल १.८. या वाटेवर ०.२ च्या वर जाऊ नये. तुमच्या अल्टरनेटरला रबरी बुश आहेत, ब्रॅकेटखाली रंगाचा जाड थर आहे, त्यामुळे सगळा अर्थ एका बारीक वायरवर चालला होता. तिच्या टोकाला हात लावल्यावर चटका बसत होता. बॅटरी भरलेली असली की सेल्फ मात्र जोरात फिरायचा, कारण बॅटरीची मोठी निगेटिव्ह केबल सरळ ब्लॉकला आहे. म्हणूनच अर्थवर कोणाचा संशय गेला नाही. मीटरवर एसी रिपलही (डीसीत मिसळलेला एसीचा अंश) पाहिला, अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली होता, म्हणजे डायोड शाबूत. हे सगळे बघितल्याशिवाय अल्टरनेटर चांगला आहे असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. नवीन अल्टरनेटर विकून आम्हाला जास्त पैसे मिळाले असते, साहेब. ते दोन तास तुमचा तो खर्च वाचवायलाच गेले.

बिल असे होते: तपासणी १,२००, खालची बॅटरी दुकानात आणून रात्रभर वेगळी चार्ज केली त्याचे ३००, १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, नवी अर्थ पट्टी आणि थिम्बल मिळून ६५०, कार्बन ब्रश २५० (जुने झिजून ६ मिलिमीटरवर आले होते), मजुरी ८००. निघताना अल्टरनेटरवर २८.४ आणि बॅटरीवर २८.१ होते, तुमच्या ऑपरेटरला मीटरवर दाखवले होते.

राहिला चौथा दिवस. खालच्या बॅटरीवरून १२ व्होल्टची एक वायर कॅमेरा आणि राऊटरला नेलेली होती. तिच्यातून कायम १.१ अँपिअर जात होते. दिवसाला साधारण २६ अँपिअर-तास झाले, आणि बॅटरी १०० ची. जनरेटर लाईट गेल्यावर तास-दीड तास चालतो, तेवढ्यात ते भरून निघत नाही. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्या की दोघींतून एकच करंट जातो आणि रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते. वरची भरून उकळायला लागते, पाणी उडवते, खालची उपाशीच. आम्ही ती वायर काढून टेप लावली आणि बिलाच्या मागे लिहून दिले: कॅमेऱ्यासाठी २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा, वायर परत जोडू नका. परवा तुमच्या माणसाने बॅटरीचा जो फोटो पाठवला, त्यात ती लाल वायर पुन्हा त्याच टर्मिनलवर आहे. हे चारचौघांत लिहायला बरे वाटत नाही, पण तुम्ही चारचौघांत आमच्या कामावर बोट ठेवले आहे.

यापुढे तपासणीचे पैसे काम सुरू करण्याआधीच सांगू आणि अशा सूचना बिलाच्या मागे न लिहिता समोर लिहू. बाकीही काही सुधारणा करतो आहोत.

तूर्त एवढे करा. ती वायर काढा. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्जरवर लावा, ५ ते १० अँपिअरच्या वर नको, ग्रॅव्हिटी स्थिर होईपर्यंत. जनरेटर बहुतेक वेळ उभाच असतो, म्हणून लाईटवर चालणारा २४ व्होल्टचा फ्लोट चार्जर, २७ व्होल्टच्या आसपास सेट केलेला, कायमचा बसवून घ्या. आमच्याकडूनच घ्या असे नाही. मग दोन दिवसांनी सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दोन्हींचे व्होल्ट वेगळे मोजून आम्हाला कळवा. फरक ०.२ पेक्षा जास्त निघाला तर आम्ही स्वतः येतो, तपासणीचे पैसे घेणार नाही. आकडे बरोबर आले तर त्या एका स्टारचा कृपया पुन्हा विचार करावा, एवढी विनंती.